डोंगर कुणाचा होता?

नालासोपाऱ्याच्या पूर्वेला आमची रविवारी वाचनाची बैठक असते. बैठक म्हणजे काय, दहा-बारा पोरं, एक ट्यूबलाईट आणि खाली अंथरलेला जुना बॅनर. त्या रविवारी अण्णाभाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' वाचायला घेतली. कथा सगळ्यांच्या ऐकण्यातली. तरी भीमाची बोटं त्या मढ्याच्या जबड्यात अडकतात तिथं आल्यावर नेहमीसारखं सगळे गप्प झाले. वाचून झालं. मी नेहमीचं बोलायला लागलो: भूक, बेकारी, माणूस मढ्यावर जगायला लागतो ती व्यवस्था वगैरे. तेवढ्यात मागं भिंतीला टेकलेला एक पोरगा बोलला. वारली आहे, पारोळच्या पुढच्या पाड्यावरचा. खदाणीच्या डंपरवर क्लीनर म्हणून जातो, आमच्यातल्या एकासोबत सहज आला होता. तो म्हणाला, "खदाण बंद पडली ते समजलं. पण डोंगर कुणाचा होता?"

कुणी तरी हसलं. मी पण हसलो असेन. मग घरी येऊन कथा पुन्हा वाचली. डोंगर कुणाचा होता हे तिच्यात कुठंच नाही.

हा लेख त्या प्रश्नावर आहे. त्यावर आपल्या साहित्याने उत्तर दिलेलं नाही, आणि माझ्यासारख्या समीक्षा लिहिणाऱ्यांना तो प्रश्न सुचलासुद्धा नाही. आपण पांढरपेशी समीक्षेला चाळीस-पन्नास वर्षं शिव्या घातल्या की तुम्हाला आमची वस्ती दिसत नाही. बरोबरच घातल्या. पण आपल्याला काय दिसत नाही ते कोण सांगणार?

आधी कथेविषयी. भीमा गावाकडून मुंबईला येतो. मुंबईत काम मिळत नाही, पण मुंबईच्या कडेला खदाणीत मिळतं. पहार, सुतकी, घाम, हातात मजुरी. तो पैलवान गडी दगडाला घाबरत नाही, दगडच त्याला घाबरतो अशा थाटात अण्णाभाऊंनी त्याला उभा केला आहे. मग खदाण बंद. घरी जाताना स्मशानातल्या राखेत सोनं सापडतं आणि तिथून तो मढी उकरायला लागतो. शेवटी बोटं जातात, आणि नेमकी त्याच वेळी खदाण सुरू झाल्याची बातमी येते. ज्या बोटांनी डोंगर फोडायचा तीच बोटं गेली म्हणून तो धाय मोकलून रडतो. मराठीत श्रमाबद्दल इतकं कडू लिहिलेलं फार थोडं आहे. १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात अण्णाभाऊंनी पृथ्वीचा भार शेषनागाच्या डोक्यावरून काढून कष्टकऱ्याच्या तळहातावर दिला. भीमाचा हात हा तोच हात आहे.

पण ह्या कथेत खदाण म्हणजे फक्त मजुरी. चालू असली की भाकरी, बंद पडली की स्मशान. खदाण कुठून आली, आधी तिथं कोण राहत होतं, झाडं कुणी लावली होती, कुणाचा देव होता, ह्याला कथेत जागा नाही. हा अण्णाभाऊंचा दोष आहे असं मी म्हणत नाही. गाव सोडून पोटासाठी आलेल्या माणसाचा डोळा त्यांनी घेतला, आणि त्या डोळ्याला डोंगर असाच दिसणार. गावात त्याचं काय होतं? जमीन नव्हती, पाणवठा नव्हता, नदी होती पण वरच्या अंगाची त्याची नव्हती. तो डोंगराला 'माझा' म्हणायला शिकलाच कुठं? जातीने ज्याला जमिनीपासून तोडलं त्याला जमीन फोडण्याचं काम मिळालं तर तो ते अभिमानानं करतो. कथेत हे बरोबर आलंय. दोष आपला. आपण ह्या एका डोळ्यालाच सगळं दलित साहित्य समजून बसलो. घण, छिन्नी, सुरुंग ह्या प्रतिमा आपल्या कवितेत इतक्या आल्या की गुळगुळीत झाल्या. प्रत्येक दुसरा कवी डोंगर फोडायला निघालेला. कुणाच्या घरावर दगड पडतील ह्याची चौकशी न करता.

आता आपल्या वसई तालुक्याकडं बघा. महामार्गाच्या पूर्वेला गेलं की डोंगराच्या कुशीत पांढुरके खड्डे दिसतात. काळा दगड, खडीमशीन, धुरळ्यानं पांढरी झालेली झाडं. विरार-नालासोपाऱ्यातल्या इमारतींना खडी, पाया भरायला मुरूम, वैतरणेच्या खाडीतली रेती. तुम्ही-आम्ही राहतो त्या चाळीचा स्लॅबसुद्धा त्याच डोंगराचा. खदाणीत कोण? वडार, कातकरी, वारली, मराठवाड्यातून दुष्काळात आलेले आपले लोक. ट्रकवर आपले, खड्ड्यात आपले, आणि वरच्या पाड्यावर ज्यांच्या विहिरीला सुरुंगानं तडा जातो ते आदिवासी. मालक आणि रॉयल्टीची पावती फाडणारे दोघं गाडीतून येतात आणि गाडीतूनच जातात.

कायद्यात ह्या दगडाला 'गौण खनिज' म्हणतात. लोखंड, कोळसा, बॉक्साईट प्रमुख, आणि दगड, रेती, मुरूम गौण. गंमत बघा, ह्याच गौणाच्या बाबतीत आदिवासींना हक्क आहे. वसई तालुक्यातली काही गावं पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे तिथं गौण खनिजाचा पट्टा द्यायच्या आधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. शिफारस नाही तर पट्टा नाही. प्रमुख खनिजाला मात्र हे कलम लागू नाही. म्हणजे छोटा खड्डा खणायचा तर विचारा, अख्खा डोंगर न्यायचा तर दिल्ली बघून घेईल. कागदावर का होईना, आपल्याकडच्या पाड्याला जो अधिकार आहे तो सुरजागडच्या माडियाला त्या कलमात नाही. आणि आपल्या किती कार्यकर्त्यांना हे माहीत आहे? मला स्वतःला त्या पोराच्या प्रश्नानंतर कायदा हुडकताना कळलं. लाज वाटली.

सुरजागड. गडचिरोली जिल्हा, एटापल्ली तालुका. डोंगरात लोखंड. तिथं ठाकूरदेवाची जत्रा जानेवारीत भरते आणि इलाख्यातल्या सत्तरच्या आसपास गावांचे माडिया गोंड येतात. १८५७-५८ मध्ये इंग्रजांशी लढलेले बाबुराव शेडमाके, ज्यांना २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याला फाशी दिलं, त्यांचं नाव ह्या डोंगराशी लोक जोडतात. २००७ साली ह्या डोंगरातली ३४८ हेक्टर जमीन लॉइड्स मेटल्स कंपनीला लोहखनिजासाठी पट्ट्यानं दिली. बरीच वर्षं काम नीट सुरूच होऊ शकलं नाही. २०१६ च्या डिसेंबरात माओवाद्यांनी तिथली सत्तरच्या वर वाहनं जाळली. त्याआधी २०१३ ला कंपनीच्या माणसांचे खूनही झाले. मला ह्या बंदुकीबद्दल काही ममत्व नाही. आपला रस्ता बाबासाहेबांनी आखून दिलेला आहे. पण एक हिशेब लक्षात ठेवा. बंदूक कुणीही चालवली तरी त्यानंतर 'खाण नको' म्हणणारा प्रत्येक माडिया नक्षलवादी ठरतो. त्याच्या ग्रामसभेचा ठराव, जो शंभर टक्के घटनेतला आहे, तोसुद्धा संशयाचा कागद होतो. भीमा-कोरेगावनंतर ह्या युक्तीची ओळख आपल्याला निराळी करून द्यायला नको.

२०२१ पासून खाण जोरात सुरू झाली. क्षमता वाढवायची म्हणून २०२२ च्या ऑक्टोबरात जनसुनावणी घेतली. कायदा सांगतो की जनसुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्या. ती घेतली गडचिरोली शहरात, खाणीपासून शंभर किलोमीटरच्या वर लांब. 'जन' एटापल्लीत, 'सुनावणी' गडचिरोलीत. २०२३ ला वर्षाला १ कोटी टनांची परवानगी मिळाली आणि २०२५ ला ती आणखी वाढवली. त्याच २०२३ च्या मार्चमध्ये छत्तीसगडच्या सीमेजवळ तोडगट्टा इथं लोक बसले. दमकोंडवाहीच्या नव्या खाणी नकोत, त्यासाठीचे रस्ते नकोत. अडीचशे दिवसांवर बसले. पाऊस त्यांनी तिथंच काढला, झोपड्या बांधून, आळीपाळीनं गावागावातून येऊन, घरचं धान्य आणून. २० नोव्हेंबर २०२३ ला पोलिसांनी ते आंदोलन मोडून काढलं. मराठी वर्तमानपत्रांत कुठल्या पानावर आलं ते तुम्हीच आठवून बघा.

खाणवाल्यांचे अहवाल मी थोडेफार वाचले आहेत. समीक्षकानं ते वाचावेत, साहित्य म्हणूनच वाचावेत. त्यात एक शब्द सारखा येतो, 'ओव्हरबर्डन'. खनिजाच्या वर जे काही असतं ते सगळं ओव्हरबर्डन: माती, मुळं, मोहाची झाडं, तेंदू, वारूळ, पायवाट. म्हणजे वरचं ओझं. ते आधी खरवडायचं आणि बाजूला ढीग मारायचा. हा शब्द ज्यानं पहिल्यांदा वापरला त्याला कवी म्हणायला हरकत नाही, कारण त्यानं एका शब्दात जग उलटं केलं. वर राहणारा तो ओझं आणि खाली पुरलेलं ते मोलाचं. मनूला चार वर्ण करायला अख्खा ग्रंथ लागला, ह्यांचं एका शब्दात भागलं.

आता आपल्यातल्या एका जवळच्या कार्यकर्त्याचा आक्षेप. बैठकीनंतर आम्ही चहाला थांबलो तेव्हा तो चिडून म्हणाला, "तू आता झाडाझुडपांचा भक्त होणार काय? बाबासाहेबांनी कारखाने मागितले. खेडं म्हणजे अज्ञानाचं डबकं असं त्यांनी सांगितलं. आदिवासींना जंगलातच ठेवा, त्यांची संस्कृती जपा, हे म्हणणारे कोण आहेत बघ. तेच त्यांना वनवासी म्हणतात. गडचिरोलीत पोरांना नोकऱ्या मिळतायत. कोनसरीला कारखाना उभा राहिलाय. आपल्या पोरांनी नोकरी नको म्हणायची काय?"

हा आक्षेप हलका नाही. मला रात्रभर झोप दिली नाही त्यानं. जंगल म्हणजे रमणीय, आदिवासी म्हणजे निरागस, असं लिहिणारे शहरी लेखक मलाही नकोत. त्यांना मोहाची फुलं दिसतात आणि मलेरिया दिसत नाही. आणि नोकरी हा शब्द आपल्या वस्तीत काय आहे ते मला कुणी शिकवू नये.

पण बाबासाहेबांचं नाव घ्यायचं तर पुरतं घ्या. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. खाणकामगार त्यांच्याच खात्यात. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादच्या कोळसाखाणीत स्वतः खाली उतरले. १९४४ ला कोळसाखाण मजुरांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम त्यांच्या काळात निघाला. त्याच काळात, युद्धाला कोळसा कमी पडला म्हणून बायकांना जमिनीखाली कामाला घालायची बंदी १९४३ ला उठवली गेली आणि १९४६ ला पुन्हा लागू झाली. त्या उतरलेल्या बायकांत आदिवासी होत्या. बाबासाहेबांनी सभागृहात तो निर्णय युद्धाची गरज म्हणून मांडला. हेही आपल्याच इतिहासात आहे, त्यावर शेंदूर फासायचं कारण नाही. मग १९४७ ला 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहिताना त्यांनी काय मागितलं? मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे, शेतीसुद्धा राज्याची. कारखाना पाहिजे हे खरं, पण कुणाच्या मालकीचा हे त्यांनी घटनेत लिहायला सांगितलं होतं. डोंगर पट्ट्यानं एका कंपनीला द्या आणि तिच्या दारात नोकरीच्या रांगेत उभे राहा, असं बाबासाहेबांचं एक वाक्य मला दाखवा. सरकारी खाण म्हणजे स्वर्ग असंही मी म्हणत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात सरकारी कोळशानं किती गावं उठवली ते तिकडच्या लोकांना विचारा. पण आक्षेप घेणाऱ्यानं निदान पुस्तक तरी उघडावं.

आणि एक अवघड गोष्ट, जी आपण आपापसात बोलतो आणि छापत नाही. ६ मे १९४५ ला मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी जातीय पेचावरचा तोडगा मांडला. त्यात आदिम जमातींना त्यांनी बाजूला ठेवलं. त्यांच्यात अजून राजकीय जाण आलेली नाही, असं कारण दिलं. आता तारीख बघा. त्याच महिन्यात, २३ मे १९४५ ला, मुंबईपासून रेल्वेनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर तलासरीजवळ झरीला हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही म्हणून शपथ घेऊन उठले. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, पाच वारली पडले. राजकीय जाण ह्यापेक्षा वेगळी काय असते? दीड वर्षानं घटना समितीत जयपालसिंग मुंडा उभे राहून म्हणाले की आदिवासींना लोकशाही शिकवू नका, तुम्हीच त्यांच्याकडून शिका. आणि १९४९ च्या सप्टेंबरात पाचवी अनुसूची घटना समितीपुढं मांडली ती बाबासाहेबांनीच. माणूस मोठा असतो तो असा. १९४५ चं वाक्य धरून बसले नाहीत. आपण मात्र वाक्य धरून बसतो.

१९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित ह्या शब्दात अनुसूचित जमाती घातल्या. छान केलं. त्यांना विचारलं होतं का? आपल्या कवितेत आदिवासी येतो तो एकलव्य म्हणून. कापलेला अंगठा, रक्त, द्रोणाचार्याला शिवी, झालं. पंचवीस कविता मी नजरेखालून घातल्या, एकातही आदिवासीला आडनाव नाही, गाव नाही, वनहक्काचा दावा नाही. मेलेला एकलव्य फार सोयीचा असतो. तो उठून विचारत नाही की डोंगर कुणाचा.

वाहरू सोनवणे यांनी हे कधीच सांगून ठेवलं आहे. त्यांची 'स्टेज' ही कविता ज्यांनी वाचली नसेल त्यांनी आजच्या आज वाचावी. स्टेजवरचे कोण, खाली बसलेले कोण, दुःख कुणाचं आणि माईक कुणाच्या हातात, एवढ्यावरची छोटी कविता. आपल्याला वाटतं ती ब्राह्मणी पुढाऱ्यांवर आहे. मी आता वाचतो तेव्हा स्टेजवर मला मीसुद्धा बसलेला दिसतो. १९९० साली आपल्या पालघरलाच आदिवासी साहित्य संमेलन भरलं आणि वाहरू अध्यक्ष होते. पहिलं आदिवासी साहित्य संमेलन १९७९ ला भद्रावतीला, कोळशाच्या पट्ट्यात. पुढं भुजंग मेश्रामांचं 'उलगुलान' आलं. म्हणजे साहित्य नव्हतं असं नाही. वसई-विरारमधून पालघर लोकलनं तासाभराचं. आपले किती गेले होते? गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आपण वाचलं, आणि वारली उठाव त्यांच्याच तोंडून ऐकला. पुस्तक मोठं आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यात सांगणारी बाई वारली नाही, हे आपण 'अनुभवाचं साहित्य' म्हणून जगाला दरडावणाऱ्यांनी विसरायचं?

इथं एक आडवळण. आपण सोपाऱ्याच्या स्तूपाला वंदन करायला जातो. १८८२ ला भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्याला सापडला, दुसरा १९५६ ला भुईगावला. त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण अशोकाचा तेरावा लेख, कलिंगाच्या पश्चात्तापाचा, तोही वाचा. त्यात जंगलात राहणाऱ्यांना दम दिलेला आहे, की राजा पस्तावला असला तरी त्याच्या हातात अजून बळ आहे. आपला सर्वात प्रेमळ राजासुद्धा अरण्याकडं तोंड केलं की असा बोलतो. मी हे अशोकाला कमी लेखायला लिहीत नाही. मला एवढंच दिसतं की ही सवय फार जुनी आहे आणि ती कंपनीपासून सुरू झालेली नाही.

ओडिशात नियमगिरीला २०१३ साली सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं १२ ग्रामसभा झाल्या. डोंगरिया कोंध बायाबापडे उठून एकेक बोलले आणि बाराच्या बारा सभांनी वेदान्ताच्या बॉक्साईट खाणीला नाही म्हटलं. न्यायाधीश झाडाखाली बसून लिहून घेत होता. त्या नोंदी मला कुठल्याही कवितेपेक्षा मोठ्या वाटतात. नकार हा शब्द आपल्या साहित्यानं मिरवला, पण मोजून बारा वेळा, नाव-गावासकट, कायद्याच्या कागदावर उतरलेला नकार हा तिथं आहे.

म्हणून भीमाच्या कथेकडं परत. ती टाकून द्या असं मी कधीच म्हणणार नाही. पण वाचताना तिच्या शेजारी आता दुसरा माणूस बसवावा लागेल. भीमा खदाण उघडावी म्हणून रडतो आणि पाड्यावरचा माणूस ती बंद व्हावी म्हणून बसून राहतो. दोघंही उपाशी. मालकाला हे फार सोयीचं आहे. सुरजागडला विरोध करणाऱ्या गावांपुढं कामगारांचे मोर्चे उभे करता येतात, आणि उद्या आपल्या पूर्वपट्टीतही येतील. वाढवण बंदराचा पाया ३० ऑगस्ट २०२४ ला घातला गेला. समुद्रात चौदाशे हेक्टरच्या वर भराव. बंदराला दगड समुद्रातून निघत नाही, तो ह्याच जिल्ह्याच्या डोंगरातून मागितला जाणार. तेव्हा डंपरवर आपली पोरं असतील, आणि रस्त्यात आडवे पडलेले वारली असतील. तेव्हा आपण कुठं उभे राहायचं ते डंपर सुरू झाल्यावर ठरवता येणार नाही. मजुरीचा प्रश्न आणि डोंगराचा प्रश्न एकाच ठरावात कसा मांडायचा, हे आपल्याला अजून जमलेलं नाही. मलाही जमलेलं नाही. खदाण बंद झाली तर क्लीनरचं काय, हे त्या पोराला मी विचारलं. तो म्हणाला, "ते तुम्ही सांगा. मी डोंगराचं विचारलं."

पुढच्या अंकात एकलव्यावरची कविता नको, असा माझा संपादकांना आग्रह आहे. त्या पानांवर अनुसूचित क्षेत्रातल्या आपल्या गावांच्या ग्रामसभेनं खदाणीबद्दल केलेला एखादा ठराव जसाच्या तसा छापा, तारखेसकट आणि अंगठ्यांसकट. ठराव झालेलाच नसेल तर तसं छापा. पेसाचं ते कलम मी हातानं उतरवून काढलं आहे, स्टेन्सिल कापायला देतो. रविवारची बैठक पुढच्या वेळी पारोळच्या पुढं त्या पाड्यावर घ्यायचं ठरतंय. वाचायचं काय ते तिथले लोक सांगतील.